पब्लिश ऑर पेरिश : माणसासाठी चार तारे, विद्यापीठासाठी दोन

मे महिन्यात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दोनच आवाज असतात. एक कूलरचा, दुसरा "मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून द्या न जी"चा. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचा अहवाल जवळ आला की दुसरा पहिल्याला दाबून टाकतो. (एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या लेखांचा इतरांनी किती वापर केला, याचा एक आकडा.)

हे काम मी ॲन-विल हार्झिंग बाईंच्या 'पब्लिश ऑर पेरिश' या संगणक प्रोग्रामवर करते. २००६ पासून फुकट मिळतं, विंडोजवर चालतं, मॅकवरही. गूगल स्कॉलर, क्रॉसरेफ, ओपनॲलेक्स अशा संशोधन-लेखांच्या सूचींपैकी स्रोत निवडा, नाव टाका. लेखांची यादी, साइटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या लेखात दिलेले त्या लेखाचे संदर्भ) आणि एच-इंडेक्स, जी-इंडेक्स वगैरे आकडे समोर. यादी एक्सेलमध्ये नेता येते. दिसायला जुनाट आहे, पण आमचं ग्रंथालयही तसंच आहे.

खरी मजा चौकटींत आहे. इथे 'एस. देशमुख' टाकलं की हृदयशस्त्रक्रिया, कापूस आणि पोलाद एकाच माणसाच्या नावावर येतं. नको त्या लेखापुढची टिकमार्क काढली की आकडे लगेच नव्याने मोजले जातात. एकच लेख दोन रूपांत आला असेल तर एक ओळ ओढून दुसरीवर टाका, जोडले जातात. भौतिकशास्त्राच्या सरांना शेजारी बसवून मी हे करत होते. कापसाचा लेख आला. "हा तुमचा नाही ना?" "नाही, पण राहू द्या न जी, काय बिघडते?" काढला. एच बाराचा अकरा झाला आणि सरांचा चहा थंड. बारा म्हणजे बारा लेखांना प्रत्येकी किमान बारा साइटेशन. त्यातल्या एकाला पाचशे मिळाले तरी बाराच, हे त्यांना पटवण्यात अर्धा तास गेला. (अशा एकुलत्या एक गाजलेल्या लेखाला थोडा न्याय जी-इंडेक्स देतो. सरांना तोच आवडला.)

अख्ख्या विद्यापीठाचं मोजमाप मात्र यावर करू नका. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ चं, तुकडोजी महाराजांचं नाव लागलं २००५ मध्ये. लेखांवर कुठे 'नागपूर युनिव्हर्सिटी', कुठे 'आरटीएम नागपूर', कुठे 'आरटीएमएनयू'. शिवाय गूगल स्कॉलर एका शोधाला हजारच्या वर निकाल देत नाही, आणि लागोपाठ शोध घेतले तर 'तुम्ही यंत्रमानव नाही ना' विचारत बसतो. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत विद्यापीठांना संशोधनाचे शंभरापैकी ३० गुण आहेत, पण तिथे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या निवडक नियतकालिकांच्या सूचींचे आकडे चालतात. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधीचे मसुदे) सगळंच धरतो, त्यामुळे त्याचा आकडा बहुधा फुगलेलाच. दोन्ही आकडे एका तक्त्यात टाकणाऱ्या प्राचार्यांना मी आधीच हात जोडते.

आणि मराठी विभाग? पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीवर वीस वर्षं लिहिणाऱ्या आमच्या मॅडमपुढे यंत्राने दोन साइटेशन दाखवले. मी कपाटातली नियतकालिकं काढून तळटीपा चाळल्या. दोन दुपारींत अकरा सापडले. अहवालाच्या फॉर्ममध्ये त्यांना रकाना नव्हता, म्हणून पानांच्या झेरॉक्स काढून फायलीला टाचल्या. त्या फायलीवर अजून कोणी काही विचारलेलं नाही.