बाहेरच्या लाकडी बाकांना कुठलं तेल? दोन पावसाळे काढून झाल्यावरचा अनुभव

आधीच सांगते, मी सुतार नाही. आमचा गुहागर तालुक्यात छोटा होमस्टे आहे, पुढे खळं म्हणजे अंगण, त्याला लागून पडवी, आणि खळ्यात बसायला लाकडी बाकं. प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत हा हट्ट माझा होता त्यामुळे त्या हट्टाची निगापण माझ्याच गळ्यात पडलीये. मागच्या वर्षी फेब्रुवारीत पहिला हात मारला, आता नोव्हेंबर चालू आहे, म्हणजे पावणेदोन वर्षं झाली आणि मधे दोन अख्खे पावसाळे गेले. कोकणातला पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, वर समुद्राची खारी हवा, आणि मार्च ते मे डोकं फिरवणारं ऊन. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे, इथे टिकलं तर खरं.

सामान काय होतं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. दोन बाकं जुन्या घराच्या तुळयांची, साग, साठ-सत्तर वर्षं छपराखाली मुरलेला, सगळा गाभा. एक जेवणाचं टेबल, नव्या सागाचं, वखारीतून आणलेलं, त्याला कडेला बराच पांढरा भाग होता जो मी बघितलाच नाही (घेताना बघा, तो पांढरा भाग म्हणजे साग नव्हेच असं समजा, वाळवी आणि बुरशी दोघी पहिल्यांदा तिथेच जातात). आणि पडवीतला झोपाळा, फणसाचा, सासूबाईंच्या लग्नाच्या आधीचा. नवीन फणस पिवळाधमक असतो आणि हळूहळू काळपट लाल होत जातो, तर हा आता पार चिंचेच्या रंगाचा झालाय.

पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचं व्हार्निश) का नाही केलं हे सगळे विचारतात. केलं होतं. आधीच्या दोन खुर्च्यांना. एका पावसाळ्यात थराच्या आत पाणी शिरलं, पापुद्रे सुटले, खाली लाकूड काळं. मग तो थर काढायला ग्राइंडर लावून तीन दिवस. तेलाचं एक बरं असतं की ते वर थर धरून बसत नाही, आत शिरतं, त्यामुळे खराब झालं तरी सोलपटत नाही, नुसतं फिकं पडतं. परत घासा, परत लावा.

तर पहिल्या वर्षी मी तीन तेलं घेतली. एका बाकाला बेलतेल, म्हणजे डबल बॉइल्ड जवसाचं तेल. हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल म्हणूनच मागायचं, बेलफळाशी त्याचा काही संबंध नाही, बॉइल्डचंच बेल झालं असावं. दुसऱ्या बाकाला रेडिमेड टीक ऑइल. टेबलाला टंग ऑइल. टंग म्हणजे जीभ नव्हे, चीनमधल्या एका झाडाच्या बियांचं तेल आहे ते, ऑनलाइन मागवावं लागलं आणि कुरिअर धरून बेलतेलाच्या चौपट पडलं. झोपाळ्याला उरलंसुरलं बेलतेल.

बेलतेलाची पहिली चूक माझीच. जाड लावलं. मला वाटलं लाकूड पितंय तर पिऊ दे, ब्रशने सढळ हाताने दोन हात दिले आणि पुसलं नाही. आठ दिवसांनी पुण्याचे पाहुणे आले, त्यातले एक काका पांढरी पँट घालून बसले आणि उठताना बाकाने त्यांना सोडलं नाही. मी इतकी माफी मागितली की शेवटी तेच म्हणाले, जाऊ द्या हो वहिनी. तेव्हा कळलं की हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि जाड थराला आतपर्यंत हवा मिळत नाही म्हणून वरती साय धरते आणि खाली चिकट राहतं. लावायचं, पंधरावीस मिनिटं थांबायचं, आणि लाकडाने जे पिलं नाही ते सगळं कापडाने पुसून टाकायचं, अगदी बाक कोरडं दिसेपर्यंत. मनाला पटत नाही पण तसंच करायचं. चिकट झालेलं मी टर्पेंटाइनने घासून काढलं, अख्खा रविवार गेला.

आणि कापडांचं ऐका, हे महत्त्वाचं. तेल पुसलेली कापडं मी बोळा करून बादलीत टाकली आणि जेवायला गेले. तासा-दीड तासाने कसला तरी खरपूस वास यायला लागला, मला वाटलं शेजारी कोणी काजू भाजतंय. बादलीत हात घातला तर बोळा आतून चांगलाच गरम! जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती अडकून राहते, त्यातून आपोआप पेट घेतो. लोकांची गोदामं जळलीत अशाने. तेव्हापासून कापडं दोरीवर एकेक सुटी वाळत टाकते, नाहीतर सरळ पाण्यात बुडवते. टंगच्या कापडांनाही हेच. आमच्याकडे गवताचं उडवं मागच्याच बाजूला असतं, विचार करा.

पहिला पाऊस. मृगाने सुरुवात बरी केली, तिन्हीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहत होते आणि मी फोटोबिटो काढले. आषाढात झड लागली, आठदहा दिवस उघडीप नाही, आणि बेलतेलाच्या बाकावर काळे ठिपके आले. आधी वाटलं चिखल उडालाय, पुसलं तर जाईना. बुरा. जवसाचं तेल बुरशीला खाऊ आहे चक्क, आणि उन्हापासून पण ते काही वाचवत नाही. सप्टेंबरपर्यंत ते बाक सगळ्यात भयंकर दिसत होतं, न लावलेल्या लाकडापेक्षा वाईट.

टीक ऑइलबद्दल माझा राग वेगळा आहे. नावावरून वाटतं सागाचं तेल, पण सागातून काढलेलं नसतं ते, बहुतेक जवस किंवा टंग, त्यात पातळ करायला थिनर आणि थोडं व्हार्निश. लावायला सगळ्यात सोपं, वास बरा, दुसऱ्या दिवशी कोरडं, रंग एकदम मधासारखा, मी खूष. पण बराचसा थिनर उडून गेला की मागे उरतं किती? मेअखेरीलाच फिकं पडलं होतं, जुलैत पाणी सरळ आत. तीन-साडेतीन महिने, बस. शहरात गच्चीवर शेड असेल आणि दर दोनतीन महिन्यांनी हात फिरवायची हौस असेल तर घ्या. वाईट नाही, पण बाटलीवरच्या 'वर्षभर संरक्षण'ला हसू येतं.

टंगने खरी कमाल केली पण त्याचे नखरे पण तेवढेच. एकदम जाड असतं, पहिला हात निम्मं तेल निम्मं टर्पेंटाइन करूनच द्यायचा नाहीतर सागासारख्या घट्ट लाकडात शिरतच नाही. नंतरचे हात कमी पातळ. प्रत्येक हातामधे निदान दोन-तीन दिवस, मी चार हात दिले, आणि त्यानंतर तीन आठवडे टेबलावर कोणाला जेवू दिलं नाही, घरच्यांनी नावं ठेवली. पण पावसाळ्यानंतर टेबलाचा गाभ्याचा भाग नुसता थोडा फिका, बुरा अगदी कडेला, आणि तोही त्या पांढऱ्या लाकडावरच. घेताना डब्यावर शुद्ध टंग आहे का नीट बघा, 'टंग फिनिश' लिहिलेल्यात टंग नावालाच असू शकतं.

मग ऑक्टोबरात सगळं परत काढलं. काळे डाग आणि करडेपणा घालवायला ऑक्झॅलिक ॲसिड, पावडर मिळते, लिटरभर कोमट पाण्यात तीन-चार चमचे, हातमोजे घालून ब्रशने लावायचं, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवायचं. विषारी आहे, पोरं आणि कुत्री लांब. माझा विश्वास बसेना इतकं लाकूड उजळलं. एका बाकाला सुतारकाकांनी घाईत दोन लोखंडी खिळे मारले होते, त्यांच्याभोवती शाई सांडल्यासारखे डाग होते (सागातलं टॅनिन आणि लोखंड आणि पाणी), तेही गेले. खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू घातले. नंतर 80 नंबरचा पॉलिशपेपर, मग 120, आणि तिथेच थांबले. काका म्हणाले 220 ने गुळगुळीत करा, पण मग लाकडाची तोंडं बंद होतात आणि तेल आत जात नाही, हे मी झोपाळ्यावर करून बघितलंय. तेल लावायच्या आधी सागाला थिनरच्या कापडाने पुसायचं, त्याचं स्वतःचं तेल वर आलेलं असतं ते आपल्या तेलाला धरू देत नाही.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर पायांनी! बाकाच्या पायांची खालची कापलेली टोकं स्ट्रॉसारखी पाणी ओढतात, आणि आमची बाकं जांभ्यावर, जांभा ओला म्हणजे ओलाच. या वेळी बाकं उलटी करून प्रत्येक पाय वाटीत टंग घेऊन रात्रभर बुडवून ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यात खालून काळं चढलं नाही. तेलाने वाळवी मात्र थांबत नाही हं, त्यासाठी पायाखाली फरशीचे तुकडे ठेवलेत आणि अधूनमधून वाकून बघते.

शेजारच्या दादांचा सल्ला वेगळाच होता, होडीला लावतात तसं मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल लावा म्हणाले. लाकूड टिकतं यात वाद नाही, पण पाहुणे टिकले नसते त्या वासाला. काजूच्या टरफलांचं तेल वईच्या (कुंपणाच्या) खांबांना लावलंय, खांब मस्त आहेत, पण ते अंगाला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, बसायच्या वस्तूला चुकूनही नको.

दुसऱ्या वर्षी काय केलं? बेलतेलाच्या बाकाला टंग. टेबलाला परत टंग, पण आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामं निघाली की ते सरळ पडवीत घेते, बाहेर ठेवायचा हट्ट सोडला. झोपाळ्याला बेलतेलच, कारण पडवीत पाऊस येत नाही, बाहेरून झाप लावलेले असतात, तिथे ते तेल उत्तम आहे, स्वस्त आहे, आणि फणसावर जो रंग येतो तो टंगने येत नाही. आणि टीक ऑइलच्या बाकाला पाय सोडले तर काहीच नाही. आंब्याखाली तसंच सोडलं. जुन्या सागाला तेल लागतंच असं नाही, ऊन वरचा थर खातं आणि पाऊस तो धुऊन नेतो म्हणून करडं दिसतं, आत लाकूड ठणठणीत असतं. आता ते बाक भिजलेल्या कवड्यासारखं राखाडी झालंय आणि गंमत म्हणजे फोटो काढायला पाहुणे त्याच्यावरच जाऊन बसतात. मी दोन वर्षं तेलं लावत बसले ते कशाला कोण जाणे.

टंग लावायचंच असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, हवा कोरडी असते तेव्हा. मेच्या शेवटी घाईने लावलेलं नीट घट्ट होत नाही, एक पाय मी तसा लावून बघितला, श्रावणापर्यंत बोट चिकटत होतं.

आणि डबा अर्धा झाला की आतल्या हवेने तेलावर साय येते, उरलेलं वाया. मी छोट्या बाटलीत ओतून त्यात काचेच्या गोट्या टाकते, तेल वर तोंडापर्यंत येतं आणि हवा राहत नाही. भाचा गेले तीन महिने त्याच्या गोट्या शोधतोय.