पूररेषांमधील जमीन: कोणते साधन घ्यावे?

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या नगरपालिकेचा विकास आराखडा करताना निळ्या आणि लाल पूररेषांमधल्या पट्ट्यात काय बांधू द्यायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. ढोबळमानाने निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. मात्र एखाद्या गट नंबरात पाणी गुडघाभर येईल की छपराला लागेल, हे नकाशावरची रेषा सांगत नाही.

ते सांगणाऱ्या, म्हणजे पुराचे पाणी कुठे किती चढेल याचा संगणकावर हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी हेक-रास (HEC-RAS) हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे असून विनामूल्य मिळते. डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेच्या माइक (MIKE) या तशाच सॉफ्टवेअरला परवाना शुल्क लागते. नदी, गटारे आणि रस्त्यावरचे पाणी एकत्र हिशोबात घेण्याची त्याची सोय मात्र मुरलेली आहे. गटारांतून उलटे पाणी शिरणे हेच मुख्य दुखणे असलेल्या मोठ्या शहराला हा खर्च परवडेल. लहान नगरपालिकेने हेक-रास घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा फरक सॉफ्टवेअरपेक्षा त्यात भरल्या जाणाऱ्या उंचीच्या आकड्यांनी पडतो. फुकट मिळणारा एसआरटीएम (SRTM) या अंतराळ-मोहिमेचा उंचीचा नकाशा फेब्रुवारी २००० मधील रडार-मोजणीचा आहे. त्याचा एक चौकोन सुमारे ३० मीटरचा असून उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली असते, आणि ती पुष्कळदा जमिनीची नसून झाडांच्या शेंड्यांची किंवा छपरांची असते. नदीकाठच्या सपाट मळीत एका मीटरच्या चुकीने अख्खी वस्ती रेषेच्या आत-बाहेर होऊ शकते. म्हणून वाचलेला पैसा नदीपात्राच्या आडव्या छेदांच्या (एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच्या उंच-सखलपणाच्या) प्रत्यक्ष मोजणीवर घालावा.

सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार-प्रतिमा ढगांतूनही पूर दाखवतात आणि त्याही मोफत आहेत. परंतु उपग्रह काही दिवसांच्या अंतराने येत असल्याने पुराचा माथा हुकू शकतो, आणि दाट घरांत व उंच उसाखाली साचलेले पाणी प्रतिमेत नीट उमटत नाही. त्यामुळे त्या पडताळणीपुरत्याच वापराव्यात. त्याहून भरवशाची पडताळणी म्हणजे भिंतीवर राहिलेली गढूळ पाण्याची रेघ. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तिथे पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्या पुराच्या खुणा जोत्यापासून टेप लावून आणि जोत्याची उंची लेव्हल यंत्राने घेऊन नोंदवाव्यात, आणि सॉफ्टवेअरने काढलेले उत्तर त्यांच्याशी ताडून पाहावे.

कुठे काय बांधू द्यायचे हे ठरवण्यासाठी पाण्याची खोली, घरांची दाटी, रस्ते आणि शेतीचा कस यांना गुण देऊन नकाशाचे थर एकावर एक ठेवण्याचे काम क्यूजीआयएस (QGIS) हे नकाशांचे सॉफ्टवेअर विनामूल्य करते. गुणांचे वजन मात्र माणसे ठरवतात, म्हणून ते हरकती-सूचनांच्या सुनावणीपूर्वीच लेखी जाहीर करावे; नंतर बदललेले वजन नेमके कोणाच्या भूखंडासाठी बदलले, हे लोकांना लगेच कळते.

पंचगंगाकाठच्या गावांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कृष्णा फुगली की नृसिंहवाडीच्या संगमापासून पंचगंगेत मागे फुगवटा येतो. त्यामुळे मोजणीच्या निविदेत छेद पालिका हद्दीपुरते मागितले आहेत की संगमापर्यंत, हे सही करण्यापूर्वी तपासावे.