१२ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल: घेतलं भिंतीसाठी, लागलं लाकडाला

दिवाळीच्या आधी घेतलेलं छोटं कॉर्डलेस ड्रिल आता पावसाळा सरत आला तरी हाताशीच असतं, म्हणून सविस्तर लिहितोय. २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, चार्जर आणि पेटी मिळून साडेपाच हजारांच्या आत पडलं. बॅटरीसकट वजन किलोभर. स्टुलावर चढून एका हाताने पेलतं, हे आधी सांगतो, कारण घरातली निम्मी कामं डोक्याच्या वरच असतात.

घेताना सगळ्यांच्या मनात भिंत असते. दुकानदारही कौतुकाने हॅमर मोडच दाखवतो, म्हणजे फिरता फिरता ठोके द्यायची सोय. माझ्याकडे मात्र ते सगळ्यात जास्त चाललं लाकडावर. नाशिकला इंदिरानगरात आमच्या इमारतीतली दारं पाऊस लागला की फुगतात, चौकटीला घासतात. मग ओढाओढी, आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले. भोकच मोठं झालेलं, त्यामुळे स्क्रू कितीही आवळा, जागच्या जागी फिरतो. यावर सुतारांचा जुना उपाय: काडेपेटीच्या काड्यांचे गूल काढायचे, काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोकायच्या, वाळल्यावर कटरने सपाट करायच्या. मग २ मिलिमीटरच्या बिटने मधोमध बारीक भोक आणि त्यात स्क्रू.

या शेवटच्या पायरीला क्लचची किंमत कळते. चक म्हणजे बिट धरणारा पुढचा जबडा, त्याच्या मागच्या कॉलरवर आकडे असतात ना, तोच क्लच. कमी आकड्यापासून सुरुवात करायची. माझ्या दारांना ५-६ पुरतो. स्क्रूचं डोकं बिजागरीला टेकलं की टर्रर्र वाजतं आणि बिट फिरायचा थांबतो. डोक्याची खाच झिजत नाही, आत बसवलेल्या काड्या उखडत नाहीत. वरचं गिअरचं बटण स्क्रूसाठी १ वर, भोकासाठी २ वर. कॉलर कायम ड्रिलच्या खुणेवर ठेवून स्क्रू पिळणारे लोक पुढे मशीनला शिव्या देतात, त्यात मशीनचा काही दोष नाही.

आता भिंत. विटेच्या भिंतीत ६ मिलिमीटरचं भोक लोण्यासारखं पडतं. पडद्याचे रॉड, घड्याळ, देवघराची फळी सगळं घरच्या घरी झालं. पण कॉलम किंवा बीम लागला की खेळ संपला. खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी लिंटेल असतो, म्हणजे काँक्रीटच, त्यामुळे पडद्याच्या रॉडचं एखादं भोक हमखास तिथेच येतं. या ड्रिलच्या हॅमरमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक थरथर करतात, एवढंच. मोठ्या रोटरी हॅमरमध्ये आतला दट्ट्या हवेच्या दाबाने खरोखर घाव घालतो. म्हणून तो काँक्रीटमध्ये घुसतो आणि हे नुसतं किंचाळतं. पंचवटीतल्या मामांच्या जुन्या घराला काळ्या दगडाचं जोतं आहे, तिथे तर बिटाचं टोक लाल व्हायची वेळ आली. मामा म्हणाले, "अरे, दगड आहे तो, बधायचा नाही." अशा कामाला मोठं मशीन भाड्याने आणा नाहीतर मिस्त्रीला बोलवा.

पाथर्डी फाट्याला ताईच्या नव्या फ्लॅटमध्ये उलटाच प्रकार. तिथे भिंतींना हलके एएसी ब्लॉक, म्हणजे आतून सच्छिद्र असलेले सिमेंटचे ठोकळे. हॅमर लावला तर भोक भसकन मोठं होतं आणि साधा गट्टू (स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो प्लग) बोटाने बाहेर येतो. तिथे हॅमर बंद, बिट एक नंबर लहान, आणि लांब नायलॉनचा गट्टू. टाइल्सवरही सुरुवात हॅमर बंद ठेवूनच, खूण केलेल्या जागी मास्किंग टेप चिकटवून. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडायचंच नाही, वायरचा पाइप बहुधा तिथूनच जातो.

बॅटरीबद्दल. "१२ व्होल्ट" हा पूर्ण चार्जचा आकडा. आत ३ सेल, चालताना साधारण १०.८ व्होल्ट. लिथियमची असल्याने शेवटपर्यंत जोर जवळपास तोच राहतो आणि मग एकदम बंद, आधी फारशी कुरकुर नाही. म्हणून दोन बॅटऱ्यांचाच संच घ्या. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, तेव्हा पुढे आणखी काही घ्यायचा विचार असेल तर कंपनी आत्ताच ठरवा. एप्रिल-मेमध्ये आमचा पोटमाळा भट्टीसारखा तापतो, त्यामुळे बॅटऱ्या खाली कपाटात, अर्ध्या चार्जवर.

खटकलेल्या गोष्टी: पुढचा दिवा चकच्या खाली असल्याने नेमकी बिटाच्या टोकावर सावली पडते. हॅमरवर चालवताना चक हळूहळू सैल होतो, दर दोन-तीन भोकांनी हाताने आवळावा लागतो. पेटीतले फुकटचे बिट विसरा. मेसनरीचे, म्हणजे भिंतीसाठीचे, चांगले बिट आणि स्क्रूसाठी चुंबकवाला लांब होल्डर वेगळा घ्या, पाचशेच्या आत सगळं बसतं.

शेजारी मागायला येणार, हे गृहीत धरा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर नावच घेत नाहीत, "अहो, तुमचं ते टर्रर्र जरा देता का?" असंच विचारतात. मी मशीन देत नाही, स्वतः जाऊन काम करून देतो. चहा मिळतो आणि बिटही शाबूत राहतात.