मापाने बनवलेली ॲल्युमिनियमची सबफ्रेम : नऊ हजार किलोमीटरनंतर

मोटरसायकलच्या मुख्य चौकटीला मागून बोल्टने जोडलेली, सीट, बॅटरीचा ट्रे, मडगार्ड, टेल लाइट आणि मागचे सामान यांचा भार पेलणारी सबफ्रेम ही गाडी पडली की सर्वांत आधी वाकणाऱ्या भागांपैकी एक असते. माझ्या गाडीची पोलादी सबफ्रेम अशीच डावीकडे वाकली. ती सरळ करून घेता आली असती, परंतु मला मागे कायमचा सामान रॅक हवा होता, म्हणून मापाप्रमाणे काम करणाऱ्या एका लहान कारखान्याकडून ॲल्युमिनियमची नवी सबफ्रेम करून घेतली. ती बसवल्यापासून गाडी नऊ हजार किलोमीटर चालली आहे.

ॲल्युमिनियम म्हटले की पहिला प्रश्न वजनाचा येतो. मूळ सबफ्रेम काट्यावर 4.4 किलो भरली आणि नवी 2.9 किलो, म्हणजे बचत दीड किलोची. पोलादाची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे 7.85 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची 2.7 ग्रॅम असताना वजन एक तृतीयांशावर का आले नाही, असे कोणालाही वाटेल. याचे कारण असे की ॲल्युमिनियमचा ताठरपणाही पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच असतो आणि ती उणीव नळीचा व्यास व जाडी वाढवून भरून काढावी लागते. मूळ नळी 22 मिलिमीटर व्यासाची आणि 2 मिलिमीटर जाडीची होती, नवी 28 मिलिमीटर व्यासाची आणि 3 मिलिमीटर जाडीची आहे. गणित मांडून पाहिले तेव्हा दोन्ही नळ्यांचा वाकण्याला होणारा विरोध जवळपास सारखाच निघाला, यावरून आराखडा करणाऱ्याने हिशेब करूनच नळी निवडली होती, हे कळते. सहा मिलिमीटरने फुगलेल्या या नळीमुळे बाजूची प्लास्टिक पॅनेल आतून घासू लागली आणि ती मला कापावी लागली. ही सूचना कारखान्याने आधी द्यायला हवी होती.

माझ्या मते अशा सबफ्रेमची खरी परीक्षा वेल्डिंगच्या जोडांवर होते. ही सबफ्रेम 6061-टी6 या मिश्रधातूची आहे. उष्णतेच्या संस्काराने मिळालेल्या टी6 अवस्थेत या धातूला कायमचा बाक येण्याची मर्यादा सुमारे 275 मेगापास्कल असते, पण वेल्डिंगच्या आचेने जोडालगतच्या पट्ट्यातला हा संस्कार उतरतो आणि तेथील बळ निम्म्याच्या आसपास येते. ते परत मिळवायचे तर संपूर्ण सबफ्रेम भट्टीत तापवून, झटक्यात थंड करून पुन्हा मंद आचेवर मुरवावी लागते आणि या खटाटोपात ती पिळवटण्याचा धोका असतो. कारखान्याने ही प्रक्रिया केलेली नाही. मी विचारल्यावर त्यांनी ते लपवले नाही, ही जमेची बाजू. त्याऐवजी पुढच्या जोडांवर, जेथे मागे लोंबणाऱ्या भाराचा ताण सर्वाधिक असतो तेथे, त्रिकोणी आधारपट्ट्या दिल्या आहेत आणि त्या पुरेशा लांब आहेत. टिग वेल्डिंगची (टंगस्टनच्या कांडीचा विद्युत चाप वापरून, निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेल्या वेल्डिंगची) शिवण एकसारखी आहे. ॲनोडायझिंगनंतर, म्हणजे विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढवल्यानंतर, ती भोवतालच्या नळीपेक्षा काळपट दिसते, कारण जोडात वितळवून भरायची तार (भरणतार) सिलिकॉनयुक्त 4043 या मिश्रधातूची वापरली आहे. मॅग्नेशियमयुक्त 5356 ची तार वापरली असती तर रंग जुळला असता, पण दीर्घकाळ 65 अंश सेल्सिअसच्या वर राहणाऱ्या भागाला ती मानवत नाही आणि उजवी खालची नळी सायलेन्सरच्या अगदी शेजारून जाते. दिसण्यापेक्षा टिकण्याला दिलेले हे महत्त्व मला पटले.

बसवताना मात्र मनस्ताप झाला. चारपैकी तीन बोल्ट हाताने फिरवून आत गेले, चौथ्याचे छिद्र दीड मिलिमीटर बाजूला होते. अशा वेळी बोल्ट दामटून किंवा टॉमीने सबफ्रेम ओढून बसवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक गॅरेजमध्ये तसेच केले जाते. पोलादाने ते एक वेळ सोसले असते. ॲल्युमिनियमच्या जोडात मात्र तो ओढलेला ताण कायमचा अडकून राहतो आणि रस्त्याचा प्रत्येक हादरा त्यावर चढतो. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित सीमा (जिच्या खालचे ताण कितीही वेळा आले तरी धातूला तडा जात नाही) नसल्याने लहान हादरेही हिशेबात जमा होत जातात. मी सबफ्रेम परत पाठवली. कारखान्याने पुन्हा वेल्डिंग न करता ते छिद्र मोठे करून, केंद्रापासून सरकवलेल्या छिद्राचे बुश (धातूचे नळीसारखे कडे) दाबून बसवून दिले. उपाय उत्तम होता, परंतु मुख्य चौकटीची मापे घेऊन जिग (वेल्डिंग करताना नळ्या जागच्या जागी धरणारा साचा) नीट केली असती तर त्याची गरजच पडली नसती.

दुसऱ्यांदा आल्यावर चारही बोल्ट आधी सैल लावले, मागच्या चाकाच्या मध्यरेषेवरून दोरी ताणून सबफ्रेम सरळ असल्याची खात्री केली आणि मगच टॉर्क पान्याने थोडे थोडे आवळले. शॉक ॲब्सॉर्बर सोडून, तो पूर्ण दबल्यावर चाक जेथवर येते तेथवर ते वर उचलून टायर आणि मडगार्ड यांच्यातले अंतरही तपासले, ते पुरेसे आहे. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकून ओले झाले की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून सांध्यांवर गंजरोधक लेप लावला. हा लेप सोबत मिळाला नव्हता.

यानंतर इंडिकेटर अनियमित लुकलुकू लागले आणि दोन संध्याकाळी मी वायरिंगमध्ये दोष शोधत बसलो. दोष वायरिंगमध्ये नव्हताच. माझ्या गाडीची मागची अर्थिंग सबफ्रेमच्या बोल्टवरून येते आणि ॲनोडायझिंगचा थर वीजरोधक असतो. मुख्य चौकटीपर्यंत वेगळी अर्थिंगची तार ओढल्यावर सारे सुरळीत झाले.

चालवताना फरक जाणवतो का? रिकाम्या गाडीत मला तरी जाणवला नाही. मात्र दोन्ही बाजूंना सामान लादल्यावर जुन्या सबफ्रेमवर वळणात मागचा भाग जो किंचित डुलायचा, तो आता डुलत नाही. याचे श्रेय धातूपेक्षा नव्या आधारपट्ट्यांना आणि रॅकच्या चार पक्क्या जोडांना द्यावे लागेल. माझी सर्वांत मोठी तक्रार अशी की सोबतच्या कागदावर कमाल भाराचा आकडाच नाही, आणि विचारल्यावर ‘नेहमीच्या वापराला पुरेसे आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे गाडीच्या मूळ पुस्तिकेतली भारमर्यादा मी जशीच्या तशी पाळतो. पाच हजार किलोमीटरला सीट काढून पुढच्या जोडांवर तडा दाखवणारा रंग फवारून पाहिला, तडा नव्हता. बोल्टवर रंगाने ओढलेल्या खुणांपैकी उजव्या खालच्या बोल्टची खूण जराशी सरकलेली आढळली. तो पुन्हा आवळला आहे आणि दर हजार किलोमीटरला पाहतो आहे.