देवबागच्या होमस्टेचे २१,३०० रुपये

नाताळच्या सुट्टीत मालवण-तारकर्ली-देवबाग करणार असाल, तर आधी हे वाचा. हसायचं असेल तर हसा, माझ्या दिरांनी हसून झालंय.

नकाशाच्या ॲपवर देवबागमधला एक होमस्टे सापडला. घर खरं, फोटो खरे, लोकांचे अभिप्रायही खरे. खोटा होता फक्त फोन नंबर. मूळ मालकाचा नंबर कुणीतरी बदलून स्वतःचा टाकला होता. आता मला सांगा, हे घरी बसून कुणाला कळणार?

पलीकडून अतिशय गोड आवाज. दोन खोल्या, दोन रात्री, खोलीला २,८०० प्रमाणे ११,२००. निम्मे आगाऊ, म्हणजे ५,६००. मग "मॅडम, गर्दी आहे, बोट आत्ताच धरून ठेवा", म्हणून सहा जणांचे डॉल्फिन, संगम आणि त्सुनामी आयलंडचे माणशी ७५० प्रमाणे ४,५००. तेही दिले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे खोली मिळणं किती अवघड असतं हे जाऊन आलेल्यांना माहीत आहे. सासूबाईंना घेऊन ऐनवेळी दारोदार फिरायचं होतं का मी?

आता ज्यासाठी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते ते सांगते. मी त्याला विचारलं, खोल्या समुद्राकडे की खाडीकडे? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडे समुद्रच आहे." देवबाग म्हणजे चिंचोळी पट्टी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ असतं. मी पुढे विचारलं, सासूबाईंना चालवत नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याचं कसं? "काही टेन्शन नाही, गाडी थेट दरवाजापर्यंत जाते." सिंधुदुर्गाच्या दरवाजापर्यंत गाडी! कुरटे बेटावर, भर समुद्रात, १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला जलदुर्ग! मालवणच्या जेटीवरून होडीनेच जावं लागतं. चौथीचं इतिहासाचं पुस्तक हातात घेऊन माझा मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणालासुद्धा, "आई, तो तर पाण्यात आहे ना?" मी त्याला गप्प केलं. वाटलं, जेटीच्या पार्किंगबद्दल बोलत असेल. माणूस समोरच्याच्या चुका स्वतःच सांभाळून घेतो, तसं झालं.

निघायच्या आदल्या रात्री फोन. "तुमची एंट्री अर्धी दिसतेय, सिस्टीम बुकिंग रद्द करेल. पूर्ण ११,२०० एकदम टाका, आधीचे ५,६०० चेक-इनला काउंटरवर परत." बॅगा भरलेल्या, पहाटे निघायचं. टाकले. यूपीआयवर नाव आलं होतं कुठल्याशा मोबाइल शॉपीचं! होमस्टेचे पैसे मोबाइल शॉपीला का जातात, हे विचारायला दोन सेकंद लागतात. तुम्ही तरी ते दोन सेकंद घ्या. लगेच पुन्हा फोन, "एंट्री झाली नाही, ११,२०१ टाका." तेव्हा मात्र मी फोन ठेवला. तरी बुकिंग खोटं असेल असं डोक्यात आलं नाही.

कुडाळ ओलांडेपर्यंत त्याचा नंबर बंद. देवबागला त्या घराच्या मालकीणबाई बाहेर आल्या, नंबर बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो नंबर आमचो न्हय. तुमका कोणीतरी फसवल्यान." त्यांच्याकडे खोली नव्हती, पण सासूबाईंना बसवून सोलकढी दिली. तिथला माणूस चोर नाही, हे मुद्दाम लिहितेय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांत गेलेले. म्हणून, संशय आला की त्याच मिनिटाला १९३०, आधी नवऱ्याला फोन करत बसू नका. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे घटना तिकडची, तिकडे जा. पैसे माझ्या स्वयंपाकघरातून गेले, घटना तिकडची कशी? झीरो एफआयआर म्हटल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच आरोपी. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. ते मी तिथे उभं राहून वाचून दाखवलं. उत्तर मिळालं, "मॅडम, एवढे शिकलेले लोक पैसे पाठवतातच कसे?" नोंद शेवटी साध्या अर्जावर. बँकेत तर एका वाक्यात वाटेला लावलं, पिन तुम्हीच टाकलात. बरोबर आहे, मीच टाकला. पण ज्या खात्यात गेले ते कुणीतरी केवायसी करूनच उघडलं ना? त्याचं उत्तर द्यायला कुणी खुर्चीवर नसतं, जेवायची सुट्टी असते.

बोटीचे पैसे घरबसल्या कुणालाही देऊ नका. जेटीवर जा, बोट बघा, लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय पाय ठेवू नका. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोघं गेले होते. आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हाचं बुकिंग कुणी देत असेल तर तिथेच ओळखा.

होमस्टेवाल्याला व्हिडिओ कॉल करा आणि अंगणात फिरून दाखवायला सांगा. खरा असेल तर खाडीसुद्धा दाखवेल.

तो नंबर बदलावा म्हणून मी आणि मालकीणबाईंच्या मुलाने त्या ॲपला कळवलंय. आज सकाळी पाहिलं, तोच नंबर अजून तिथे आहे.