बायकांना सुपरवायझर करायचंय: जागा राखायच्या की शिकवून तयार करायचं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट चालवणारा एक मित्र या पेचात आहे. शिलाई, पॅकिंगला बायका भरपूर, सुपरवायझर एकही नाही.

ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात दोन्ही वाटा वेगळ्या केल्या आहेत. मागे राहिलेल्या गटाला प्रशिक्षण देणं, अर्जासाठी प्रोत्साहन देणं ही सकारात्मक कृती, ती चालते. दोन उमेदवार सारखेच पात्र असतील, तर कमी प्रमाणात असलेल्या गटातल्याला निवडता येतं, मात्र सरसकट नियम करून नाही. केवळ गट पाहून कमी पात्र व्यक्तीला नोकरी देणं हा सकारात्मक भेदभाव, आणि तो तिथे सहसा बेकायदा.

आपल्याकडचं मागासवर्गीयांचं सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण मी या सकारात्मक भेदभावाच्या खान्यात टाकणार नाही. घटनेचं कलम 16(4) त्याला आधार देतं, आणि पात्रतेची अट तिथेही असतेच.

वेगात राखीव जागा पुढे: उद्याच नेमणूक. खर्चही कमी. पण लूमची माहिती न देता खुर्ची दिली, तर पहिल्याच बिघाडात सगळे तिच्याकडेच बोट दाखवतील. हा अन्याय मला फार लागतो. प्रशिक्षणाला महिने जातात, पगारी वेळ जातो, पाळ्याही बदलाव्या लागतात. पण तिचा अधिकार टिकतो.

मित्रासारख्या छोट्या युनिटला प्रशिक्षणच योग्य. जिथे पात्र बायका असूनही वर्षानुवर्षं डावलल्या जातात, तिथे मात्र नुसते वर्ग पुरत नाहीत. तिथे कायद्यात बसणाऱ्या राखीव जागाच हव्यात.