टेक्सासचा उन्हाळा, ७० डॉलरचा पास आणि एक विजेचा खांब

आमच्या तंबूच्या दाराची झिप जून संपायच्या आत गेली. कंपनीचं नाव घेत नाही, तक्रार अजून त्यांच्या दरबारात लटकलेली आहे. खोक्यावर ठळक अक्षरात आजन्म वॉरंटी. फोन केला तर आधी बिल पाठवा, मग झिपचा फोटो, मग आतल्या लेबलचा फोटो, मग झिप उघडतानाचा व्हिडिओ. एवढं सगळं झाल्यावर उत्तर आलं की झिप ही 'वापराने झिजणारी वस्तू' आहे, ती वॉरंटीत येत नाही. वर सांत्वन म्हणून नवीन तंबूवर १५ टक्के सूट! तंबूत दार नसेल तर तंबू आजन्म टिकून तरी काय करायचं?

असो. तंबूकडे नंतर परत येते. ऑस्टिनच्या आमच्या मराठी ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, 'स्टेट पार्क पास (टेक्सासच्या सरकारी उद्यानांचा वार्षिक प्रवेश पास) घ्यावा का, उन्हाळ्यात कॅम्पिंग परवडतं का, जमतं का?' उन्हाळाभर वापरून झाला आहे, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहिते.

आम्ही घेतला तेव्हा पास ७० डॉलरचा होता, तो वर्षभर चालतो आणि गाडीतल्या सगळ्यांना प्रवेश फुकट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवख्या लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळी. कॅम्पसाइटचं भाडं भरलं म्हणजे प्रवेश फी सुटली असं नसतं. ती वेगळी, माणशी आणि रोजची. ऑस्टिनजवळच्या इंक्स लेक स्टेट पार्कला आम्ही गेलो तेव्हा ती ७ डॉलर होती. आम्ही दोघं, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे आणि मुलगी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना फी नाही, म्हणजे चार मोठी माणसं. पास नसता तर दोन रात्रींचे झाले असते ५६ डॉलर. एका फेरीतच पास जवळजवळ वसूल. शिवाय दोन रात्री राहिलात तर एका रात्रीच्या भाड्यात निम्मी सूट मिळते, वर्षातून मोजक्याच वेळा. ती स्वस्तातल्या साइटवर उधळू नका, महागातल्या साइटसाठी राखून ठेवा. पार्कच्या दुकानात दहा टक्के सूट आहे, तिचा आम्हाला बर्फापलीकडे उपयोग झाला नाही.

आई-वडील भारतातून आले असतील तर पास डोळे मिटून घ्या. ६५ वर्षांवरच्यांना प्रवेशात सवलत देणारा वेगळा पासपोर्ट आहे खरा, पण तो टेक्सासच्या रहिवाशांना. पाहुणे आई-वडील त्यात बसत नाहीत, तुमच्या पासवर मात्र तुमच्या गाडीत बसून आत जातात. सासऱ्यांनी गेटवर हौसेने भारताचा पासपोर्ट बाहेर काढला होता. खिडकीतल्या बाईंनी हसून तो परत खिशात ठेवायला सांगितला.

एक सावधगिरी. पास म्हणजे जागेची हमी नव्हे. शनिवारी पार्क भरलं की पासवाल्यांनाही आत घेत नाहीत. दिवसापुरतं जायचं असलं तरी आधी आरक्षण करा, ते तीस दिवस आधीपासून होतं.

आता मुद्द्याची गोष्ट: विजेचा खांब. कॅम्पसाइट दोन प्रकारच्या मिळतात, नुसत्या पाण्याच्या आणि पाणी-विजेच्या. दोन्हींच्या भाड्यात रात्रीला पाच-सात डॉलरचा फरक असतो. अमेरिकन मित्र सांगतात की विजेच्या साइट आरव्हीवाल्यांसाठी (आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर), तंबूवाल्यांनी त्या घेणं म्हणजे कॅम्पिंगचा अपमान. नवऱ्याचंही तेच मत होतं. ते त्याने जुलैमध्ये हिल कंट्रीत, म्हणजे ऑस्टिनजवळच्या टेकड्यांच्या भागात, रात्री अकरा वाजता, तंबूत हवा हलत नसताना मला पुन्हा सांगून दाखवावं. दिवसा पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास, आणि रात्री थंडी पडेल या आशेवर झोपायचं तर ती पहाटे चारला कुठे जराशी जाणवते. नायलॉनच्या तंबूत दोन माणसांचे श्वास आणि एकाचं घोरणं.

खांबावर आरव्हीच्या जाड प्लगची जागा असते आणि बहुतेक ठिकाणी शेजारी घरातल्यासारखे साधे सॉकेटही असतात. घरातला टेबल फॅन आणा, बस. बॅटरीचे कॅम्पिंग फॅन म्हणून जे विकतात त्यांच्या नादी लागू नका. पहाटेपर्यंत टिकत नाहीत आणि किंमत घरातल्या पंख्याच्या दुप्पट. एक्स्टेंशन कॉर्ड मात्र पन्नास फुटांची आणि बाहेर वापरायची, जाड वायरीची घ्या. खांब गाडी लावायच्या बाजूला असतो आणि तंबूची सपाट जागा हटकून दुसऱ्या टोकाला. पंचवीस फुटांची कॉर्ड नेलेले शेजारी आपला तंबू ओढत ओढत खांबापाशी आणताना पाहिले आहेत. पंखा जमिनीवर ठेवून जाळीच्या खिडकीकडे तोंड करून लावला की आतली दमट हवा बाहेर जाते आणि समोरच्या जाळीतून ताजी येते. अंगावर वारा घेण्यापेक्षा हे बरं. सासऱ्यांना पटलं नाही, त्यांनी तोंड स्वतःकडे वळवून घेतलं आणि छान झोपले.

वीज आली की स्वयंपाकही आला. आमच्याकडे इंडक्शनची शेगडी १८०० वॅटची आहे. इथल्या १२० व्होल्टवर ती पूर्ण जोरात १५ अँपिअर ओढते. साधा सॉकेट २० अँपिअरचा. त्याच्यावरच ७०० वॅटचा राइस कुकर लावला की सहा अँपिअर आणखी, आणि खटका पडतो. सासूबाई मुगाच्या खिचडीच्या मध्यावर अंधारात राहिल्या तेव्हा हा हिशेब नवऱ्याने करून दाखवला, जेवण झाल्यावर. एका वेळी एकच उपकरण. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा न्या. पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतून दोन डोकी बाहेर आली होती. सासूबाईंचा अभिप्राय: "वीज आहे हे आधी सांगायचंस की गं, मिक्सर घेतला असता." त्यांना सांगावं लागलं की रात्री दहा ते सकाळी सहा इथे शांतता पाळतात, पहाटे पाचला नारळाची चटणी होणार नाही.

कॅम्पफायरच्या भरवशावर स्वयंपाक ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की उन्हाळ्यात कोरडं पडलं की काउंटी (इथले जिल्हे) आगबंदी लावतात. लाकडं पेटवता येत नाहीत, गॅसची शेगडी चालते. पार्कातलं पडलेलं लाकूड उचलायलाही बंदी आहे. म्हणजे दुकानातून मोळी विकत घ्यायची आणि गेटवर कळायचं की आज आग नाही. खांबाला आगबंदी लागू नाही.

इथपर्यंत जुलैत लिहून ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये दोन बाबतीत मत बदललं.

पहिलं, तंबू. कंपनीला शिव्या घालून झाल्यावर नवऱ्याने पक्कड घेतली आणि झिपच्या सरकणाऱ्या कडीच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या हाताने दाबल्या. दात झिजलेले नव्हतेच, कडी फाकली होती. त्यामुळे दात एकमेकांत बसत नव्हते. जोरात दाबलंत तर कडी तुटते, म्हणून थोडं दाबायचं, सरकवून बघायचं, परत थोडं. वर मेणबत्ती घासली. खर्च शून्य. अजून चालतेय. तेव्हा तंबूला पाचापैकी चार, कंपनीला एक, तोही व्हिडिओ मागताना नम्रपणे बोलल्याबद्दल.

दुसरं मत बदललं ते पश्चिम टेक्सासमधल्या डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्कला जाऊन. पार्क पाच हजार फुटांच्या आसपास आहे, आणि ऑगस्टच्या रात्री आम्ही चक्क चादरी अंगावर घेतल्या. पंखा गाडीतून खाली उतरलाच नाही. म्हणजे उंचावर गेलात तर साधी साइट चालते, हे मान्य. पण थांबा, हिशेब करा. ऑस्टिनहून चारशे मैलांच्या वर आहे. जाऊन-येऊन पेट्रोलचे नव्वदेक डॉलर गेले. रात्रीला वाचलेले सहा डॉलर त्यात कुठे शोधायचे? उन्हाळ्यात एकदा जावं असं ठिकाण, दर वेळचं नव्हे. साइटवर हावेलिना फिरतात, रानडुकरासारखा प्राणी, म्हणून खाण्याचं सामान रात्री गाडीतच.

त्याच फेरीत बालमोरिया स्टेट पार्कही होतं, डेव्हिस माउंटन्सजवळच्या फोर्ट डेव्हिस गावापासून तासाभराच्या आत. झऱ्याच्या पाण्याचा प्रचंड तलाव, १९३०च्या दशकात मंदीच्या काळात सरकारी योजनेवरच्या तरुणांनी बांधलेला. क्षेत्र सव्वा एकरापेक्षा जास्त, पंचवीस फुटांपर्यंत खोल, आणि पाणी बारा महिने ७२ ते ७६ फॅरनहाइट. वाळवंटात असं पाणी! सासऱ्यांनी कठड्यावर बसून पाय सोडले, तर बारीक मासे येऊन टाचांना टोचे मारायला लागले. ते पाय वर ओढायचे, परत सोडायचे, परत ओढायचे. सासूबाईंनी व्हिडिओ काढून सांगलीला पाठवला. पासवर हा सगळा दिवस प्रवेशाच्या खर्चाविना झाला. आरक्षण मात्र आधी केलं होतं, इथे आत सोडायच्या माणसांवर मर्यादा असते.

पैशांबद्दल आणखी थोडं, कारण इंक्स लेकच्या दोन रात्री आम्ही पेट्रोलसकट शंभर डॉलरच्या आत बसवल्या आणि ते कसं, असं विचारणारे आहेत. रविवारी दुपारी जा, मंगळवारी परत या. रविवारी बाराला सगळे सामान आवरून निघतात आणि तळ्याकाठच्या साइट रिकाम्या होतात. जेवण घरचंच: पहिल्या रात्री थालीपीठं, दुसऱ्या दिवशी खिचडी. टेक्सासच्या स्टेट पार्कांत काठावरून मासे धरायला परवाना लागत नाही, काही पार्कांत गळही उसना मिळतो. सासरे दोन सकाळी गळ टाकून बसले, मासा मिळाला नाही, पण खर्चही नाही. पोहायचं तर इंक्स लेकमधल्याच डेव्हिल्स वॉटरहोलला. पोरं गुलाबी खडकांवरून उड्या मारतात, तिथे जीवरक्षक नसतात, त्यामुळे मुलीचं लाइफ जॅकेट आमच्या सामानात कायम.

कूलर एप्रिलमध्ये घ्या. वादळाच्या तयारीसाठी राज्य सरकार एक वीकएंड विक्रीकर माफ करतं, त्यात ७५ डॉलरच्या आतले कूलर, ताडपत्री, टॉर्च आणि बॅटऱ्या बसतात. सत्तर डॉलरच्या कूलरवर पावणेसहा डॉलर वाचले. कॅम्पिंगच्या शेगड्या त्यात येत नाहीत, काउंटरवर हुज्जत घालू नका, मी घातली आहे. आणि तंबूवर भरलेल्या कराचं फार वाईट वाटून घेऊ नका. खेळ आणि कॅम्पिंगच्या वस्तूंवरच्या विक्रीकराचा पैसा पार्कांसाठी राखून ठेवायला टेक्सासच्या मतदारांनी २०१९ मध्ये कौल दिला. त्या कंपनीला दिलेल्या पैशातला तेवढाच भाग सत्कारणी लागला म्हणायचा.

पासचं नूतनीकरण करून टाकलं आहे. कॅम्पसाइटचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं, तेव्हा मार्चच्या सुट्टीत जायचं असेल तर ऑक्टोबरमध्येच सकाळी लॅपटॉप उघडून बसा, आणि यादीत 'वीज' ही खूण करायला विसरू नका. अठरा नंबर आणि त्याच्या शेजारची साइट मागू नका, त्या आमच्या.